गेममधल्या वस्तू विकून आलेला पैसा : विवरणपत्रात दाखवायचा कुठे?

हिशेबी_मावळा (धागाकर्ता)

"गेममधून आलेल्या पैशावर सरसकट ३० टक्के कर" असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं असल्यामुळेच महागात पडतं. म्हणून हा धागा. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे धरले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. २०२५-२६ चं उत्पन्न मात्र १९६१ च्याच कायद्याखाली येतं, त्यामुळे जुनेच क्रमांक वापरतो.

वस्तू तुमच्याकडे आली कुठून, यावर पुढचं बरंचसं ठरतं. रोब्लॉक्स या गेमिंग मंचावरची टोपी किंवा गेमपास (गेममध्ये जादा सोय देणारा पास) स्वतः बनवून विकला तर तो सरळ धंदा, म्हणजे इतर उत्पन्नात मिसळून स्लॅबप्रमाणे कर. काउंटर-स्ट्राइक या गेममधली स्किन (शस्त्राचा रंगीत साज) विकत घेऊन किंवा केस (आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी) उघडून मिळवून पुढे विकली, तरी माझ्या मते तो धंदाच, पण व्हीडीएचं (आभासी डिजिटल मालमत्ता, क्रिप्टोसारख्या गोष्टींचं) भूत मानगुटीवर असतं. ब्लॉकचेनवरचं टोकन किंवा एनएफटी (एकमेव डिजिटल वस्तूचं टोकन) असेल तर तो व्हीडीएच, वाद नाही, कलम ११५बीबीएच, सपाट ३० टक्के अधिक ४ टक्के उपकर. पैसे लावून जिंकलेली रक्कम ११५बीबीजेखाली जाते. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालणाऱ्या ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर त्या प्रकाराची चर्चा इथे नकोच.

ज्यांना रोब्लॉक्स, स्टीम (काउंटर-स्ट्राइकवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचं गेमचं दुकान), जीएसटी यांतलं नेमकं माहीत आहे त्यांनी भर घालावी. "सीएला विचारा" एवढाच प्रतिसाद कृपया देऊ नये, ते सगळ्यांना माहीत आहे.

पिक्सेलपंत

रोब्लॉक्सचं गणित मांडतो, कारण लोक रोबक्सचा (रोब्लॉक्समधलं चलन) आकडा पाहून हुरळून जातात.

गेमपास १०० रोबक्सला विकला की बनवणाऱ्याला ७० मिळतात. ते आधी 'पेंडिंग'मध्ये दिसतात आणि काही दिवसांनी खात्यात पडतात. डेव्हएक्समधून (रोबक्सचे डॉलर करून देणारी रोब्लॉक्सची योजना) डॉलर मागायचे तर किमान ३०,००० रोबक्स हवेत, आणि तेही कमावलेले. विकत घेतलेले रोबक्स धरत नाहीत. म्हणजे १०० रोबक्सचे ४२९ गेमपास विकले गेल्याशिवाय पहिली मागणीच करता येत नाही.

दर पूर्वी एका रोबक्सला ०.००३५ डॉलर होता, ५ सप्टेंबर २०२५ पासून ०.००३८ झाला. ३०,००० चे पूर्वी १०५ डॉलर यायचे, आता ११४. त्या तारखेआधी कमावलेली शिल्लक जुन्याच दराने वटते. वर्षाचा हिशेब जुळत नसेल तर आधी इथे बघा, बहुतेकांनी सगळ्याला एकच दर लावलेला असतो.

कपडे, टोप्या अशा अवतारावरच्या वस्तूंचं गणित वेगळं आहे. तिथे बनवणाऱ्याचा वाटा ३० टक्केच असतो. वस्तू ज्या गेमच्या आत विकली गेली त्या गेमवाल्याला ४० टक्के जातात. स्वतःच्याच गेममध्ये स्वतःची टोपी विकली तर दोन्ही वाटे आपले.

वऱ्हाडी_ठसा

पंत, उत्पन्न कधी धरायचं? रोबक्स खात्यात पडले तेव्हा, की डॉलर बँकेत आले तेव्हा?

हिशेबी_मावळा

दोन पद्धती आहेत, रोखीची (पैसे हाती येतील तेव्हा) आणि उपार्जनाची (कमाई झाली तेव्हा, पैसे कधीही येवोत). छोट्या माणसाने रोखीची धरावी, म्हणजे डेव्हएक्सचे पैसे हाती आले त्या दिवशी उत्पन्न. एकदा धरलेली पद्धत मात्र दरवर्षी तीच ठेवायची. मार्चमध्ये कर वाचवायला रोखीची आणि पुढच्या वर्षी उपार्जनाची, असं चालत नाही.

रुपयांत बदलताना नियम ११५ लागतो. पैसे ३१ मार्चच्या आत रीतसर बँकेमार्फत भारतात आले असतील तर बँकेने दिलेले रुपये हाच आकडा. उत्पन्न हाती पडलंय पण ३१ मार्चला परदेशी वॉलेटमध्येच आहे, असं असेल तर त्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (परदेशातून आलेलं चलन बँक ज्या भावाने घेते तो). गूगलवर दिसणारा दर नाही.

सीए_असूनही_माणूस

व्हीडीएवर बोलतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

कलम २(४७ए) ची व्याख्या फार ऐसपैस आहे. "क्रिप्टोग्राफिक मार्गाने किंवा अन्यथा" तयार झालेली कोणतीही माहिती, कोड, क्रमांक किंवा टोकन, ज्याला मूल्य आहे आणि जे इलेक्ट्रॉनिक रीतीने हस्तांतरित होतं. यातला 'किंवा अन्यथा' हा शब्द स्किनलाही ओढून आत घेऊ शकतो. ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने गिफ्ट कार्ड, लॉयल्टी पॉइंट आणि संकेतस्थळं किंवा ॲपची वर्गणी या गोष्टी बाहेर काढल्या. गेममधल्या वस्तूंचं नाव त्यात नाही.

फरक किती पडतो ते बघा. समजा गेममधला एक चाकू ८०,००० ला घेऊन १,४०,००० ला विकला, नफा ६०,०००. दुसरा १,२०,००० ला घेऊन ७०,००० ला विकावा लागला, तोटा ५०,०००. हाती निव्वळ १०,०००. धंदा म्हणून धरलं तर १०,००० वर स्लॅबप्रमाणे कर. व्हीडीए धरलं तर तोटा वजा होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. ६०,००० वर ३० टक्के म्हणजे १८,०००, वर उपकर, एकूण १८,७२०. कमावले दहा हजार, कर पावणेएकोणीस हजार.

शिवाय ११५बीबीएचच्या उत्पन्नाला ४ लाखांची मूळ सूट नाही आणि नव्या पद्धतीतली १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचा कर माफ करणारी ८७ए ची सवलतही नाही. दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्यालाही पहिल्या रुपयापासून कर.

वऱ्हाडी_ठसा

हे चाकूचं उदाहरण काल्पनिक वाटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने पाच लाल (दुर्मीळ दर्जाच्या) स्किन देऊन एक चाकू किंवा हातमोजे घेण्याची सोय केली आणि चाकूंचे भाव रातोरात कोसळले. लाल स्किन मात्र वर गेल्या. एकाच माणसाला एकीकडे नफा, दुसरीकडे तोटा.

रद्दीवाला_८

मग सीएसाहेब, तुम्ही स्वतः विवरणपत्रात काय लावाल ते सांगा ना. व्याख्या आम्हालाही वाचता येते.

सीए_असूनही_माणूस

रास्त प्रश्न. स्टीमची स्किन मी धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवीन. माझा मुद्दा असा, की स्किन तुमच्या मालकीची नसतेच. स्टीमच्या करारानुसार तो वापराचा परवाना आहे, त्यालाच तिथे 'वर्गणी' म्हणतात, आणि वर्गणी तर अधिसूचनेने बाहेर काढलेली आहे. हा मुद्दा मांडता येतो, तो टिकेलच अशी हमी नाही. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वस्तूची खरेदी तारीख, विक्री तारीख, खरेदी किंमत, विक्री किंमत अशी यादी विवरणपत्रातल्या शेड्यूल व्हीडीएच्या रकान्यांप्रमाणेच ठेवायची, म्हणजे उद्या नोटीस आली तर दोन्ही बाजूंनी हिशेब तयार. आणि दोन्ही पद्धतींच्या करातल्या फरकाची रक्कम बाजूला मुदत ठेवीत टाकायची.

केस उघडणाऱ्यांसाठी एक बारकावा. धंद्यात उघडलेल्या सगळ्या केस आणि त्या उघडायला घेतलेल्या किल्ल्या हा खर्च. व्हीडीएत फक्त ज्या केसमधून ती वस्तू निघाली तेवढीच किंमत वजा. शंभर किल्ल्यांतून एक चाकू निघाला तर फरक किती, ते तुम्हीच मांडा.

स्वतःच्या वापरासाठी ठेवलेली एखादी स्किन वर्षानुवर्षांनी विकली, तर ती 'वैयक्तिक वापराची वस्तू' म्हणून भांडवली नफ्यातून सुटते असंही काही जण म्हणतात. एका वस्तूपुरतं कदाचित. महिन्याला चाळीस व्यवहार करणाऱ्याने हे तोंडातून काढू नये.

पिक्सेलपंत

स्टीमच्या बाजारात कापल्या जाणाऱ्या रकमेबद्दल. सगळे म्हणतात १५ टक्के (५ स्टीमचे, १० गेमचे). पण ते विक्रेत्याच्या रकमेवर वर चढवलेले असतात. तुम्हाला १०,००० मिळणार असतील तर घेणारा ११,५०० देतो. म्हणजे छापील किमतीच्या तेरा टक्क्यांच्या आसपास. एक्सेलमध्ये किमतीला ०.८५ ने गुणणारे दर ओळीला चुकतात.

आणि तो पैसा स्टीम वॉलेटमध्येच अडकतो, बँकेत काढता येत नाही. म्हणून लोक बाहेरच्या बाजारांकडे जातात. तिथे विकणं स्टीमच्या कराराविरुद्ध आहे, खातं बंद झालं तर दाद कुणाकडे मागणार? हे धरूनच चालायचं.

रद्दीवाला_८

बाहेर विकणाऱ्यांसाठी, चोरी कशी होते ते.

खोट्या संकेतस्थळावर स्टीमने लॉगिन केलं की मागच्या मागे तुमच्या खात्यावर एपीआय की (खात्यातले सौदे बाहेरून हाताळू देणारी किल्ली) तयार केली जाते. तुम्ही खरा सौदा पाठवता, ती की वापरून तो रद्द होतो आणि त्याच नावाचा, त्याच चित्राचा चोराचा सौदा समोर येतो. मोबाइलवर घाईत 'मान्य' दाबलं की वस्तू गेली. मान्यता देताना समोरच्याचं खातं किती जुनं आहे आणि त्याची स्टीम पातळी किती, हे त्याच पडद्यावर दिसतं. नाव नाही, ते बघायचं. महिन्यातून एकदा एपीआय कीचं पान उघडायचं, तिथे आपण न बनवलेली की दिसली तर ती रद्द, पासवर्ड बदल आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट.

जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकच्या सौद्याला ७ दिवसांचं संरक्षण आहे, त्या मुदतीत सौदा उलटवता येतो. त्यामुळे बाहेरचे बाजार पैसे आठव्या दिवशी सोडतात. मार्चअखेर याचा करावरही परिणाम होतो. २७ मार्चला विकलेली वस्तू ३ एप्रिलपर्यंत पक्की नाही. रोखीची पद्धत असेल तर ती विक्री पुढच्या वर्षात.

ठाणेकर_अनू

बाहेरच्या बाजारातून पैसे यूएसडीटीत (डॉलरच्या भावाचं क्रिप्टो) घेतले तर?

हिशेबी_मावळा

अनूताई, मग एका व्यवहाराचे दोन होतात. स्किन विकून यूएसडीटी हाती आले, त्या क्षणीचं रुपयांतलं मूल्य ही स्किनची विक्री किंमत. तेच मूल्य यूएसडीटीची खरेदी किंमत ठरतं. पुढे यूएसडीटी विकून रुपये केले की फरकावर ११५बीबीएच, इथे तर कुठलाही वाद नाही. भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर विकलं तर १ टक्का टीडीएस कापला जातो आणि तो २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या करपत्रकात) दिसतो. अनेक जण फक्त दुसरा टप्पा दाखवतात आणि खरेदी किंमत शून्य टाकतात, म्हणजे अख्ख्या रकमेवर ३० टक्के भरून बसतात.

रद्दीवाला_८

आणि यूएसडीटी 'पी टू पी'ने अनोळखी माणसाला विकून यूपीआयवर रुपये घेऊ नका. बीजीएमआय या मोबाइल गेमची खाती यूपीआयवर विकणाऱ्यांनाही हेच लागू. घेणाऱ्याचे पैसे कुणाला तरी फसवून आलेले असले, की फसलेला माणूस सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करतो आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्या सगळ्यांवर बँका रक्कम गोठवतात. तुमचा व्यवहार खरा असला तरी खातं अडकतं, आणि तक्रार तिसऱ्याच राज्यातली असते.

अडकलं तर बँकेकडून तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि गोठवलेली रक्कम लेखी घ्या. मग सौद्याची चित्रं, गप्पांची नोंद, विक्रीची पावती, ओळखपत्र आणि अर्ज त्या तपास अधिकाऱ्याला. फक्त वादातली रक्कम गोठवा, बाकी खातं मोकळं करा, अशी मागणी अर्जात स्पष्ट लिहायची. पगाराचं खातं या धंद्याला कधीही वापरू नये.

ठाणेकर_अनू

मूल १५ वर्षांचं आहे आणि रोब्लॉक्सवर स्वतः बनवून विकतंय, अशा वेळी उत्पन्न आईवडिलांच्यात मिळवायचं ना?

सीए_असूनही_माणूस

नाही. कलम ६४(१ए) प्रमाणे अज्ञानाचं (अठरा वर्षांखालच्या मुलाचं) उत्पन्न पालकांच्यात मिळवतात, पण स्वतःची मेहनत, कौशल्य किंवा विशेष ज्ञान वापरून कमावलेलं उत्पन्न त्याला अपवाद आहे. गेम बनवणं हे कौशल्यच. मुलाच्या नावे स्वतंत्र विवरणपत्र, पालक प्रतिनिधी म्हणून भरतो. आधी मुलाचा पॅन (अज्ञानाच्या पॅनवर फोटो आणि सही नसते, अठरा झाल्यावर बदलून घ्यायचा), मग पोर्टलवर पालकाने प्रतिनिधी म्हणून नोंदणी.

याउलट त्याच मुलाने वाढदिवसाच्या पैशांतून स्किन घेऊन पुढे विकली, तर त्यात कौशल्य होतं हे पटवणं अवघड. ते उत्पन्न ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्यात जाईल.

गडबड कुठे होते? खातं मुलाचं, कराचा फॉर्म बाबांच्या नावाने, बँक खातं आईचं. तिन्हीकडे एकच नाव हवं.

न्यूजर्सीचा_नंदी

रोब्लॉक्ससारखी अमेरिकन कंपनी भरून घेते त्या कराच्या फॉर्मबद्दल. भारतात राहणाऱ्याने डब्ल्यू-८बेन (अमेरिकेबाहेरच्यांचा) भरायचा, डब्ल्यू-९ (अमेरिकनांचा) नाही. ओळ ६ए मध्ये पॅन टाका. तो नसेल तर भारत-अमेरिका करकराराचा लाभ मागता येत नाही. ओळ ९ मध्ये भारत, ओळ १० मध्ये त्या कराराचं कलम १२ आणि १५ टक्के. पैसे देणारी कंपनी ती रक्कम अमेरिकी उगमाची रॉयल्टी धरत असेल तर एरवी ३० टक्के कापते. काम भारतात बसून केलेली सेवा धरली तर तिथे कर कापायचं कारण नाही. कंपनीने काय धरलं ते १०४२-एस या करपावतीत कळतं, ती वर्ष संपल्यावर मार्चच्या मध्यापर्यंत येते. फॉर्म सही केलेलं वर्ष अधिक तीन कॅलेंडर वर्षं चालतो, नंतर गुपचूप ३० टक्के सुरू होतात.

इथे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एवढंच : निव्वळ कमाई ४०० डॉलरवर गेली की १५.३ टक्के स्वयंरोजगार कर वेगळा. १०९९-के (मिळालेल्या रकमेचा कळवलेला फॉर्म) आला नाही म्हणजे कर नाही, असं नसतं. आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांनी नियमित विक्रीचा धंदा करू नये, तो विनापरवाना रोजगार ठरू शकतो.

सीए_असूनही_माणूस

नंदीसाहेब, नेमकं. तिथे कापलेला कर इथे वळता करायचा तर फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो, सोबत विवरणपत्रातले शेड्यूल एफएसआय (परदेशी उत्पन्न) आणि टीआर (परदेशी कराची सवलत). परदेशी कराचं रुपयांतर, कर कापलेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या टीटी खरेदी दराने. पण एक लक्षात घ्या, इथे ८७ए मुळे कर शून्य आला तर वळता करायला काही उरतच नाही. तिथले १५ टक्के गेले ते गेले.

वऱ्हाडी_ठसा

आयटीआर कोणता? ४४एडी (छोट्या धंद्यासाठी अंदाजे नफ्याचं कलम) लावून ६ टक्के नफा दाखवला तर आयटीआर-४ चालेल?

सीए_असूनही_माणूस

परदेशी वॉलेट किंवा बाजारात शिल्लक असेल, म्हणजे शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) लागत असेल, तर आयटीआर-४ बाद. आयटीआर-३. शेड्यूल एफएला आर्थिक वर्ष चालत नाही, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ चे आकडे. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो लागत नाही, पण म्हणून रकाना कोरा सोडू नये.

४४एडीचे ६ टक्के ही किमान मर्यादा आहे. ज्याचा खर्च वीज आणि इंटरनेट एवढाच, त्याने ९४ टक्के खर्च दाखवणं मला पटत नाही, पण कायद्यात बसतं म्हणणारेही आहेत. कोड लिहून देणाऱ्याचं काम ४४एडीएच्या (व्यावसायिकांसाठीचं कलम) ५० टक्के नफ्यात जातं असाही सूर आहे. ४४एडी एकदा लावून मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत लावता येत नाही.

आगाऊ कर विसरू नका. वर्षाचा कर १०,००० च्या पुढे जात असेल तर १५ जूनला १५, १५ सप्टेंबरला ४५, १५ डिसेंबरला ७५ आणि १५ मार्चला १०० टक्के. ४४एडीवाल्यांना एकच हप्ता, १५ मार्च.

पिक्सेलपंत

जीएसटी राहिलाच. सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाख, आणि त्यात निर्यातही धरतात. "सगळं परदेशात जातं, मला काय जीएसटी" असं म्हणणारे इथेच फसतात. नोंदणी झाली की वर्ष सुरू होण्याआधी आरएफडी-११ मध्ये एलयूटी (हमीपत्र), म्हणजे कर न भरता निर्यात. ते विसरलं तर आधी १८ टक्के भरा, मग परतावा मागत बसा. नोंदणी झाल्यावर परदेशी बाजाराच्या कमिशनवर उलट आकारणीने १८ टक्के तुम्हीच भरायचे, ते नंतर क्रेडिटमध्ये मिळतात. महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी झालेल्याला वर्षाला २,५०० व्यवसाय करही लागतो, तो हमखास राहून जातो.

निर्यात सिद्ध करायला बँकेचा एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) लागतो. बँक पर्पज कोड विचारते तेव्हा सवयीने पी१३०१, म्हणजे अनिवासी नातेवाइकाने कुटुंबखर्चासाठी पाठवलेले पैसे, असं टाकू नका. कागदावर मग तो धंद्याचा पैसा राहत नाही आणि निर्यातही राहत नाही. संगणक सेवेचा योग्य कोड बँकेशी बोलून एकदाच ठरवा.

रद्दीवाला_८

वाखू (वाचनखूण) साठवली. एकच शंका, तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेल्या स्किनची खरेदी किंमत कशी काढायची? पावती तर नाही.

हिशेबी_मावळा

स्टीमवर घेतली असेल तर कम्युनिटी मार्केटच्या इतिहासात तारीख आणि किंमत असते, आणि खात्याच्या खरेदी इतिहासात वॉलेटमध्ये पैसे कधी टाकले ते. पानं उतरवून पीडीएफ करा. खातं बंद पडलं तर दोन्ही हातचं जातं, म्हणून हे आजच. सौद्यात अदलाबदलीने आली असेल तर त्या दिवशी दिलेल्या वस्तूचा बाजारभाव लिहून ठेवा, त्या वेळचा भाव दाखवणाऱ्या आलेखाच्या चित्रासह. खेळताना फुकट पडलेली असेल तर खरेदी किंमत शून्य, तिथे ओढूनताणून काही लिहू नका.